हातातील कसब आणि पुस्तकातील शास्त्र



टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असावा, नारायणगावच्या बाजाराकडे निघालेली, क्रेट्सनी खच्चून भरलेली गाडी दिवस मावळता मावळता चढावर बंद पडावी आणि चालकाने कितीही खटाटोप केला तरी इंजिनाने दाद देऊ नये, हा प्रसंग जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्याला अपरिचित नाही. टोमॅटो कोणासाठी थांबत नाही. सकाळपर्यंत तो मऊ पडतो आणि त्याचा भाव त्याहूनही लवकर उतरतो. अशा वेळी शेतकऱ्याला आठवण होते ती फाट्यावरच्या मेकॅनिकची. हातातले जेवण बाजूला सारून, पान्यांची पिशवी मोटारसायकलला अडकवून हा माणूस अंधारात येतो, बॅटरीच्या उजेडात बॉनेट उघडतो आणि बहुधा अर्ध्या तासात गाडी चालती करतो. शेतकऱ्याचे चार महिन्यांचे श्रम त्या अर्ध्या तासावर तोललेले असतात.

ग्रामविकासाच्या चर्चेत या माणसाचे नाव क्वचितच निघते. रस्ते, धरणे, कारखाने, बाजार समित्या यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु या साऱ्या योजनांची चाके ज्याच्या हातून फिरती राहतात, तो कोठे शिकला, कसा शिकला आणि त्याच्या हाताखालची मुले पुढे काय होणार आहेत, हे प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

मोटार दुरुस्तीचा हा धंदा या भागात कसा रुजला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकापर्यंत येथील यंत्रे म्हणजे मुख्यतः विहिरीवरची ऑइल इंजिने. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना 1946 साली झाली आणि मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली आणि त्यानंतर आगारांबरोबर यांत्रिकी कामगारांचा एक नवा वर्ग तालुक्यांच्या गावी आला. पुढे कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे उभी राहिली. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले, भाजीपाला वाढला. आणि ट्रॅक्टर, टेम्पो, मालट्रक व पिकअप यांची रीघ लागली. पश्चिमेकडील डोंगरी भागात, भीमाशंकर आणि माळशेजच्या वाटांवर, वडापच्या जीपगाड्यांनी वाडीवस्तीपर्यंत माणसे पोहोचविली. मंचर, घोडेगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा या गावांच्या कडेला पत्र्याची शेड टाकून जे गॅरेजवाले बसले, ते या सगळ्या स्थित्यंतराची अपरिहार्य निष्पत्ती होय.

या शेडमध्ये जे घडते त्यास दुरुस्ती म्हणतात. परंतु तेथे दुसरेही एक कार्य चाललेले असते आणि ते म्हणजे शिक्षण. शाळा सुटलेला किंवा शाळेने सोडलेला मुलगा तेथे येतो. पहिले काही महिने त्याच्या वाट्याला सुटे भाग रॉकेलमध्ये धुणे, झाडलोट करणे आणि पाने हाती देणे एवढेच काम असते. या पाने देण्याच्या कामातच त्याची पहिली परीक्षा होते. उस्तादाने न पाहता हात पुढे करावा आणि मुलाने बोल्टकडे नजर टाकून दहा-अकराचा की बारा-तेराचा पाना लागेल हे ओळखून तो हातावर ठेवावा, येथपर्यंत त्याची नजर तयार व्हावी लागते. मग पंक्चर, मग ग्रीसिंग, मग ब्रेक आणि क्लच. आणि दोन-तीन वर्षांनी इंजिनाचे हेड उतरविण्याची पाळी. व्हॉल्व्ह घासणे, फिलर गेजने टॅपेट लावणे, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून त्याचे टोक इंजिनावर टेकवून आतला आवाज ऐकणे, ही विद्या कोणत्याही पुस्तकावाचून एका हातातून दुसऱ्या हातात जाते. उस्ताद रागावतो, क्वचित हातही उगारतो. परंतु मुलाने चूक केली तर तिची भरपाई त्याला स्वतःच्या खिशातून करावी लागते, म्हणून तो लक्षपूर्वक शिकवतो. स्वतःस शिक्षक म्हणवून न घेणारा हा शिक्षक आहे.

या शिक्षणाचे मोल मान्य करीत असतानाच त्यातील उणीवही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. डिझेलच्या गाडीतील इंधन संपले आणि नळीत हवा शिरली की नुसते डिझेल ओतून गाडी सुरू होत नाही. गॅरेजमधील कोणताही मुलगा जाणतो की अशा वेळी स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावयाचे, फेस येणे थांबून निखळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावयाचा. यास ते ‘एअर काढणे’ म्हणतात. एअर का काढावयाची, असे विचारले तर ‘त्याशिवाय गाडी चालू होत नाही’ एवढेच उत्तर मिळते. हवा दाबली असता आकसते, डिझेल जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पंपाचा दाब हवेच्या बुडबुड्याला आकसविण्यातच खर्च होतो आणि नोझलपर्यंत पोहोचत नाही, हे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. ब्रेकच्या नळीत हवा गेल्यावर पायाखालचे पॅडल स्पंजासारखे का दबते, याचेही कारण तेच आहे. पण तो या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या युक्त्या म्हणून लक्षात ठेवतो.

आता त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर असलेल्या माध्यमिक शाळेकडे पाहावे. तेथील विज्ञानाच्या तासाला वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध फळ्यावर लिहिला जातो. द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम मुले तोंडपाठ म्हणतात. परीक्षेत त्यास गुणही मिळतात. परंतु तो नियम ज्या ब्रेकमध्ये दररोज काम करतो, तो ब्रेक त्यांनी उघडून पाहिलेला नसतो. एकीकडे कारणाविना कृती आणि दुसरीकडे कृतीविना कारण, अशी ही विभागणी आहे. दोन्ही बाजूंची मुले एकाच गावची, पुष्कळदा एकाच घरातली असतात; आणि दोघांचेही शिक्षण अर्धेच होते.

हे दोन अर्ध एकत्र आणण्याचा सर्वांत नेटाचा प्रयत्न याच परिसरात, आंबेगावच्या शेजारील शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी झाला. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांचे हे कार्य. 1928 साली जन्मलेल्या डॉ. कलबागांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली आणि पुढे हिंदुस्थान लीव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर काम केले. तेथून निवृत्त होऊन त्यांनी शहरात विसावा घेतला नाही. पर्जन्यछायेत येणारे, कोरडवाहू, सर्वसाधारण असे पाबळ त्यांनी निवडले आणि पत्नी मीराताई यांच्यासह तेथे मुक्काम हलविला. 1983 साली पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे केंद्र म्हणून ‘विज्ञान आश्रम’ सुरू झाला. संपन्न गावात यशस्वी झालेला प्रयोग इतरत्र चालेलच असे नाही. पाबळसारख्या गावात जे जमेल ते बहुतेक गावांत जमेल, हा त्या निवडीमागील विचार होता.

डॉ. कलबागांचे म्हणणे साधे होते. माणूस हाताने काम करता करता शिकतो, हा शिकण्याचा नैसर्गिक मार्ग आहे. शाळेने तो बाजूला सारला आहे. तो परत आणला पाहिजे. 1937 च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली नई तालीम आणि 1964-66 च्या कोठारी आयोगाने सुचविलेला कार्यानुभव यांच्याशी हा विचार नाते सांगतो. वेगळेपण होते ते विचार अमलात आणण्याच्या पद्धतीत. माध्यमिक शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आखला. आठवड्यातील एक दिवस या कामासाठी राखावयाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांतील कामे प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने करावयाची. मुलींनी वेल्डिंग करावयाचे आणि मुलांनी स्वयंपाकघरातील पोषणाचा हिशेब मांडावयाचा. जे काम करावयाचे ते गावाच्या खऱ्या गरजेचे असावे, आणि शक्य तेथे त्याचा मोबदला घेऊन करावे, असाही दंडक होता. खोटी खुर्ची करून मोडून टाकावयाची नाही. कोणीतरी बसणार आहे अशी खुर्ची करावयाची. गिऱ्हाइकाच्या समोर उभे राहावे लागते तेव्हा कामातील चूक मुलाला आपोआप दिसते, ही गॅरेजमधील शिस्त या रीतीने शाळेत आली.

याहूनही महत्त्वाची गोष्ट शिक्षकांविषयीची होती. शिकविण्यासाठी पदवीधर प्रशिक्षक शहरातून आणण्याऐवजी गावातील कसबी माणसांनाच मानधन देऊन निदेशक म्हणून घ्यावे, असे त्यांनी ठरविले. गावात जो वेल्डिंग करतो, वायरिंग करतो, त्यानेच आठवड्यातून एक दिवस शाळेत यावे. त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला आणि ज्याला शाळेने एकेकाळी नापास ठरविले होते, त्यास शाळेत गुरुजी म्हणून मान मिळाला. मुलांच्या दृष्टीने याचा परिणाम कोणत्याही व्याख्यानापेक्षा खोल होता.

शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांसाठी आश्रमात एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता त्यास मिळाली. येथील मुलांनी आपल्या भागातील प्रश्न हाती घेतले. विहिरीची जागा ठरविण्यासाठी जमिनीच्या विद्युतरोधाचे मापन त्यांनी केले. कमी साहित्यात उभे राहणारे घुमटाकार घर तेथे विकसित झाले आणि 1993 च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर त्याचा उपयोग झाला. मोटार दुरुस्तीशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे ‘मेकबुल’. जुन्या जीपचे सुटे भाग आणि डिझेल इंजिन यांची जुळणी करून लहान शेतकऱ्याला परवडेल असा ट्रॅक्टर तेथे तयार करण्यात आला. भंगारात जाणाऱ्या जीपमध्ये ट्रॅक्टर दडलेला आहे, हे ओळखण्यास गॅरेजची नजर लागते. आणि ओढण्याची शक्ती, चाकाचा वेग व गिअरचे प्रमाण यांचा मेळ घालण्यास गणित लागते. मेकबुलमध्ये ही दोन्ही एकत्र आली. पुढे 2002 साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ ही अद्ययावत कार्यशाळा स्थापन झाली. 30 जुलै 2003 रोजी डॉ. कलबागांचे निधन झाले. त्यांचे कार्य सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवले.

शासनानेही या क्षेत्रात फार पूर्वी पाऊल टाकले आहे. 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजेच आय. टी. आय.चे जाळे देशभर विणले गेले. मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे व्यवसाय तेथे शिकविले जातात. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने कारखान्यात प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची सोय केली. या योजनांमुळे ग्रामीण भागातील असंख्य घरांत पहिला मासिक पगार आला, हे निर्विवाद आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत जुन्नर-आंबेगावची जी मुले कामाला आहेत, त्यांपैकी पुष्कळांची वाट आय. टी. आय.वरूनच गेलेली आहे.

परंतु फाट्यावरचे गॅरेज या चौकटीत बसत नाही. शिकाऊ उमेदवारीचे बंधन 30 किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांवर आहे. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. उस्ताद आणि दोन हाताखालची पोरे, एवढाच ज्याचा पसारा, ते गॅरेज योजनेच्या बाहेरच राहते. परिणामी तेथे 8 वर्षे काम केलेल्या तरुणाला आपण काय जाणतो हे सांगणारा एक कागदही मिळत नाही. त्याला बँकेत कर्ज मागताना, कंपनीच्या सेवा केंद्रात नोकरी मागताना किंवा लग्नाच्या बैठकीतसुद्धा, शिक्षण काय, या प्रश्नावर मान खाली घालावी लागते. 2015 पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधी मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. मात्र अशी तरतूद आहे ही गोष्ट गॅरेजपर्यंत पोहोचविणारा कोणीतरी असावा लागतो.

या प्रश्नाला आता निकड आली आहे, त्याचे कारण वाहनेच बदलली आहेत. 1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज-6 ही उत्सर्जन मानके लागू झाली. नव्या डिझेल गाडीत इंधनाचा दाब 1000 बारहून कितीतरी अधिक असतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण 2 बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. जुन्या इंजिनावर नळीचे नट सैल करून एअर काढण्याची जी युक्ती उस्तादाने शिकविली, तीच नव्या इंजिनावर ते चालू असताना वापरली, तर बाहेर येणारी इंधनाची सूक्ष्म धार कातडी भेदून हातात शिरू शकते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर शेकडो व्होल्टचा प्रवाह खेळतो. तेथे कान लावून काही ऐकू येत नाही आणि नुसत्या अंदाजाने हात घालणे जिवावर बेतते. युक्ती यंत्राबरोबर जुनी होते. दाब काय असतो, प्रवाह कसा वाहतो, हे ज्याने समजून घेतले, तो मात्र नव्या यंत्रासमोरही उभा राहू शकतो. ज्या मेकॅनिकला कारण शिकविले गेले नाही, त्याच्या 20 वर्षांच्या अनुभवावर आज पाणी पडण्याची भीती आहे. आणि यात दोष त्याचा नाही.

या सभेत शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य एकत्र बसले आहेत, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे उचित होईल.

पहिली गोष्ट मुलांच्या वयाची. 14 वर्षांखालील मूल गॅरेजमध्ये कामाला असणे कायद्याने गुन्हा आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 ते 18 या वयोगटालाही धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. हाताने शिकण्याचे गोडवे गाताना बालमजुरीला मागील दाराने आत घेता कामा नये. मूल राबते की शिकते, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे : त्याच्या चुकीवर त्याला काम समजावून दिले जाते की केवळ मार मिळतो, आणि संध्याकाळी तो शाळेच्या पटावर असतो की नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना 10 दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. हे 10 दिवस सहलीसारखे संपवून टाकणे सहज शक्य आहे. त्याऐवजी विज्ञानाच्या शिक्षकाने गावातील मेकॅनिकबरोबर आधी बसून, कोणता भाग उघडून दाखवावयाचा आणि त्यातून कोणता नियम शिकवावयाचा, हे ठरवावे. जुना ब्रेक सिलिंडर आणि पास्कलचा नियम, बॅटरीतील आम्ल आणि विशिष्ट गुरुत्व, गिअरचे दाते आणि गुणोत्तर, हे धडे एका मोडक्या गाडीभोवती वर्षभर पुरतील. सायकलचा पंप तोंडाशी बोट धरून मारला की त्याचे खालचे टोक तापते. हवा दाबली असता तापते आणि याच तत्त्वावर डिझेल ठिणगीवाचून पेटते, हे दाखविण्यास प्रयोगशाळाही लागत नाही.

तिसरी गोष्ट पंचायतीची. आपल्या हद्दीतील कसबी माणसांची यादी करणे, त्यांना कौशल्याच्या परीक्षेची माहिती देणे, घोडेगाव किंवा जुन्नरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी त्यांची गाठ घालून देणे, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. पत्रव्यवहार आणि पाठपुरावा लागतो. आदिवासी पट्ट्यातील मुलांच्या बाबतीत हे अधिक आग्रहाने केले पाहिजे, कारण डोंगरातील वाडीवरून तालुक्याच्या गावी येऊन शिकण्याचा खर्च त्यांच्या घरांना सोसत नाही आणि पहिल्या वर्षातच त्यांची वाट सुटते. आणि मुलींनाही या कामाचे दार उघडे ठेवले पाहिजे. पाबळला मुलींनी जे करून दाखविले, ते अन्यत्र अशक्य ठरण्याचे कारण नाही.

शेवटची गोष्ट मानाची. जो माणूस शेतकऱ्याचा माल वेळेवर बाजारात पोहोचवितो आणि शाळेने गमावलेल्या मुलाला उदरनिर्वाहाचे साधन देतो, त्याला शाळेच्या समारंभात मागच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येऊ नये. वर्षातून एक दिवस तरी त्याने मुलांसमोर इंजिन उघडावे आणि विज्ञानाच्या शिक्षकाने त्याच्या शेजारी उभे राहून कारण सांगावे. एकाच्या हाताला तेल आणि दुसऱ्याच्या हाताला खडू लागलेला असेल. परंतु समोर बसलेल्या मुलांना त्या दिवशी पूर्ण धडा मिळेल. चढावर बंद पडलेल्या गाडीपाशी उद्या अंधारात जो तरुण जाणार आहे, तो याच मुलांतून यावयाचा आहे. गाडी नव्या यंत्रणेची असेल आणि माल मात्र तसाच नाशवंत असेल. कोठे हात घालावयाचा आणि कोठे घालावयाचा नाही, हे त्याला कळत असले पाहिजे. ते त्याला शिकविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.